बॉयकॉट, कोथिंबीर आणि नाबाद २४६

परवा आमच्या सोसायटीने माझ्यावर बहिष्कार टाकला आणि तो माझ्याच पेनाने टाकला. म्हणजे झालं असं, की मीटिंगमध्ये ठरावाचा कागद फिरत फिरत माझ्या बाजूच्या खुर्चीपर्यंत आला, बाजूच्या गृहस्थांनी स्वतःचे दोन्ही खिसे चाचपले, मग माझ्या खिशाकडे बघितलं, "जरा पेन देता?" म्हणाले, मी दिलं, त्यांनी माझ्याविरुद्ध सही ठोकली, थँक्यू म्हणाले आणि पेन कागदाबरोबर पुढे सरकवलं. ते सी विंगच्या दिशेने गेलं ते गेलंच. चांगलं जेल पेन होतं.

कारण पटकन सांगून टाकतो, कारण ते सांगताना माझीच मला लाज वाटते, खरं तर त्यांना वाटायला पाहिजे. गेटबाहेर गाडी लावणाऱ्या भाजीवाल्याने कढीपत्ता फुकट देणं बंद केलं. कोथिंबीर घेतली की वर दोन काड्या कढीपत्ता आणि चार मिरच्या पडायच्याच, ही रीत आहे, मान्य. पण मार्केटलाच महाग झाला तर तो तरी कुठून देणार, तो म्हणाला पाच रुपये होतील. हे तो नेमका कमिटीतल्या एका वहिनींना म्हणाला. रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज: "ऑल मेंबर्स, उद्यापासून भाजीवाल्याला बॉयकॉट." खाली अंगठ्यांची रांग. मी अंगठा दिला नाही आणि दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीची जुडी घेऊन गेटमधून आत येताना सापडलो. पिशवी कापडीच होती हो, पण कोथिंबिरीचा स्वभावच असा की ती डोकं बाहेर काढतेच.

मग मीटिंग, मग ठराव, मग माझं पेन. दिलगिरी व्यक्त करेपर्यंत माझ्याशी कोणी बोलायचं नाही असं ठरलं. ग्रुपमधून काढलं. कोजागरीचं मसाला दूध वरच्या मजल्यावर गेलं, खालच्या मजल्यावर गेलं, आमच्या दारावरून वेलचीचा नुसता वास गेला. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे न बघता मोबाईलमध्ये बघतात. तसे ते आधीही मोबाईलमध्येच बघायचे, पण आता मुद्दाम बघतात, फरक कळतो.

आता इथपर्यंत ठीक आहे. पण सगळ्यात जास्त डोक्यात गेले ते बी विंगचे काका.

हे काका रोज संध्याकाळी वॉचमनच्या केबिनपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर घेऊन बसलेले असतात. बँकेतून रिटायर्ड. क्रिकेटचा नाद इतका की कुठल्या साली कुठल्या ग्राउंडवर कोण किती रनांवर कसा आउट झाला ते झोपेतून उठवून विचारा, सांगतील, मात्र स्वतःच्या फ्लॅटची किल्ली कुठे ठेवली ते वॉचमनला विचारावं लागतं. ठरावावर यांचीही सही आहे (माझ्या पेनाने). मी परत कोथिंबीर घेऊन आलो, हो, परत, मुद्दाम, घरात आधीची जुडी पिवळी पडत होती तरी. तर काका समोरच. आणि काकांची पंचाईत झाली. बोलायचं नाही असं लेखी ठरलेलं आणि बोलल्याशिवाय तर राहवत नाही. शेवटी त्यांनी खुर्ची जराशी फिरवली, माझ्याकडे पाठ केली आणि वॉचमनला म्हणाले,

"त्यांना सांग, बॉयकॉट म्हणजे बॉयकॉट."

वॉचमन आमच्या दोघांच्या मध्ये उभा. मी हात लांब केला असता तर काकांच्या टकलाला लागला असता, एवढंच अंतर. पण ड्यूटी म्हणजे ड्यूटी, तो माझ्याकडे वळला. "साहेब, काका म्हणत्यात, बायकाट म्हंजे बायकाट."

"त्यांना विचार, बॉयकॉट म्हणजे काय ते तरी माहीत आहे का."

"काका, साहेब इचारत्यात..."

"ऐकू आलं मला!" काका उसळले, पण भिंतीकडे बघूनच. "त्यांना सांग, हे मला विचारतायत? मला? जेफ्री बॉयकॉट! यॉर्कशायर! सदुसष्ट साल, हेडिंग्ले, आपल्याविरुद्ध! मी सहावीत होतो."

वॉचमनने एवढा सगळा ऐवज मनात तोलला आणि मला पोचवताना त्याचं केलं, "जेवरी बायकाट, सहावीत व्हता."

मी म्हटलं बरं, पुढे. काकांना पुढेच जायचं होतं. "पहिला अख्खा दिवस खेळला. सकाळी उभा राहिला तो संध्याकाळपर्यंत उभा. आणि स्कोअर किती? एकशे सहा! दिवसभरात! दुसऱ्या दिवशी दोनशे सेहेचाळीस नाबाद. नाबाद बरं का. इंग्लंड मॅच जिंकलं. आणि पुढच्या टेस्टला सिलेक्टरांनी काय केलं? काढला! टीममधून बाहेर! का, तर म्हणे फार स्लो खेळतो. दोनशे सेहेचाळीस करून माणूस घरी! यालाच म्हणतात बॉयकॉट करणे. तिथून आलाय तो शब्द. सांग त्यांना."

आता मला सांगा, अशा माणसाशी वाद कसा घालायचा? कारण यातला आकडा न् आकडा बरोबर आहे. २४६ बरोबर, १०६ बरोबर, पुढच्या मॅचला खरंच बाहेर बसवलं तेही बरोबर. नुसता खोटं बोलणारा माणूस परवडतो, त्याला पकडता येतं. सगळं खरं सांगून शेवटी एकदम भलतीकडेच जाऊन बसणारा माणूस, त्याचं काय करायचं? आमच्या ऑफिसात असा एक साहेब होता, त्याने अशाच पद्धतीने माझं प्रमोशन अडवलं होतं, पण ते जाऊ दे.

तोवर काका हेडिंग्लेहून परत यायला तयार नव्हते. "आपण फॉलोऑन घेतला. पण दुसऱ्या इनिंगला पाचशे दहा! पतौडी एकशे अठ्ठेचाळीस. आणि वाडेकर..." इथे काका थांबले. पेपर मांडीवर ठेवला. "वाडेकर एक्क्याण्णव. नऊ रन रे. फक्त नऊ रन."

"साहेब, काका म्हणत्यात नऊ रन."

मी वॉचमनला म्हटलं, त्यांना सांग की जेफ्री बॉयकॉटचा जन्म १९४० चा आणि हा शब्द इंग्रजीत आला १८८० साली. काका एक सेकंद गप्प. मला वाटलं, जिंकलो. तर म्हणतात, "अठराशे ऐंशी? सप्टेंबर, ओव्हल. इंग्लंडच्या जमिनीवरची पहिली टेस्ट. ग्रेस एकशे बावन्न. त्या टीममध्ये बॉयकॉट नावाचा कोणी नव्हता. त्यांना सांग, स्कोअरकार्ड बघा म्हणावं."

"तो क्रिकेटवाला नव्हताच! कॅप्टन होता, कॅप्टन बॉयकॉट!"

माझा आवाज जरा चढला असणार, कारण वॉचमनने हे पोचवायची वाट काकांनी बघितली नाही, गर्रकन वळले, ठराव-बिराव सगळं विसरून थेट माझ्याकडे बघून विजयी मुद्रेने म्हणाले, "मग मी काय म्हणतोय? कॅप्टनही होता! ब्रेअर्लीचा हात मोडला तेव्हा, सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरला, यानेच केली कॅप्टनशिप!" आणि मग बहिष्कार मोडल्याचं लक्षात येऊन परत भिंतीकडे वळले.

वॉचमनला मात्र आता खरंच उत्सुकता लागली होती. "साहेब, पर त्यो कॅप्टन बायकाट मानूस बरा व्हता का वाईट?"

सोसायटीत एवढ्या लोकांनी हा शब्द वापरला, त्यात पेनवाले गृहस्थ आले, वहिनी आल्या, चेअरमन आले, पण हा प्रश्न विचारला तो एकट्या वॉचमनने. म्हणून त्याला नीट सांगितलं, तुम्हालाही सांगतो.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा मुळात इंग्लंडच्या नॉरफोकमधला. तरुणपणी थोडी वर्षं पलटणीत होता, कॅप्टन वगैरे कधीच झाला नाही, पण आयर्लंडात गेल्यावर लोक त्याला कॅप्टन म्हणायचे आणि तो म्हणू द्यायचा. पश्चिम आयर्लंडात मेयो काउंटी, तिथे लॉक मास्क नावाचं मोठं तळं, त्या तळ्याकाठी हा राहायचा आणि लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभार बघायचा. लॉर्डसाहेब स्वतः लांब दुसऱ्या काउंटीतल्या वाड्यात, इथे कुळांकडून खंड वसूल करायचं काम बॉयकॉटचं. आणि कारभारी कसा, तर कुळाने फाटक उघडं टाकलं की दंड. कुळाची कोंबडी याच्या हद्दीत शिरली की दंड. हे वाचलं तेव्हा मला आमची लिफ्टशेजारची नोटीस आठवली: चपला रॅकबाहेर आढळल्यास पन्नास रुपये, कबुतरांना दाणे टाकल्यास शंभर, कुंडीचं पाणी खाली ठिबकल्यास कमिटी ठरवेल ते. आमच्याकडे कोंबड्या नाहीत म्हणून, नाहीतर त्यांचाही कॉलम असता.

तर १८७९ ला तिकडे पीक बुडालं. कुळं म्हणाली खंडात चौथा हिस्सा सूट द्या. लॉर्ड म्हणाला दहा टक्के देतो, घ्या नाहीतर सोडा. कुळांनी भरायचं नाकारलं आणि मग बेदखलीच्या नोटिसा निघाल्या. त्याच वर्षी मायकल डेव्हिटच्या पुढाकाराने लँड लीग ही कुळांची संघटना स्थापन झालेली, अध्यक्ष पार्नेल, जो स्वतः जमीनदार होता पण कुळांच्या बाजूने बोलायचा. १९ सप्टेंबर १८८० ला एनिसच्या सभेत पार्नेलने लोकांना विचारलं की शेजाऱ्याला हुसकावून मोकळी केलेली जमीन जो दुसरा कसायला घेईल त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला, गोळ्या घाला. पार्नेल म्हणाला नको, याहून चांगला उपाय आहे. तो रस्त्यात भेटला तर बोलू नका, दुकानात, बाजारात, जत्रेत, अगदी देवळात दिसला तरी त्याला एकटा पाडा, जुन्या काळी महारोग्याला वेगळं ठेवायचे तसा.

तीनच दिवसांनी बॉयकॉटच्या नोटिसा घेऊन कोर्टाचा बेलिफ पोलिसांना बरोबर घेऊन निघाला. बायका जमल्या आणि त्यांनी चिखल आणि शेण मारून त्याला पळवून लावला. दुसऱ्या दिवशी गावकरी बॉयकॉटच्या शेतावर आले आणि मजूर, नोकर, तबेल्यातली माणसं, सगळ्यांना काम सोडायला लावलं. लोहार घोड्यांना नाल मारेना. धोबीण कपडे धुवेना. बॅलिनरोबच्या बाजारात दुकानदार सामान देईनात. बारा वर्षांचा एक पोरगा याची टपालाची पिशवी न्यायचा-आणायचा, त्याला धमकावलं, मग बॉयकॉटने आपल्या लहान पुतण्याला पाठवलं तर त्यालाही रस्त्यात अडवलं. हे सगळं रडगाणं बॉयकॉटने स्वतःच पत्र लिहून लंडनच्या टाइम्सकडे धाडलं आणि ऑक्टोबरात ते छापून आलं, म्हणून तर आपल्याला एवढ्या बारकाईने माहीत आहे. कारभारीसाहेब बायकामुलांसकट, म्हणजे बायको आणि भाचे-पुतणे, स्वतः राबत होते. शेतात पीक उभं आणि कापायला माणूस नाही.

मग सरकार हललं. उत्तरेकडून, कॅव्हन आणि मोनहनमधून, पन्नास स्वयंसेवक पीक काढायला निघाले. त्या पन्नासांच्या रक्षणाला जवळपास हजारभर सैनिक आणि पोलीस. नोव्हेंबरचा पाऊस, चिखल, स्टेशनवर उतरल्यावर गाडी द्यायलाही कोणी तयार नाही म्हणून सगळी वरात पायी. तंबू ठोकले ते बॉयकॉटच्याच आवारात, आणि असल्या लवाजम्याने आवाराचं जे व्हायचं ते झालं. पीक होतं पाचेकशे पौंडांचं आणि बंदोबस्ताला लागले म्हणतात दहा हजार पौंड. पार्नेलने हिशेब काढला की एकेका सलगमाला एकेक शिलिंग पडलं. आमच्या सोसायटीने मागे चारशे रुपयांची पाण्याची मोटर चोरीला गेली म्हणून सीसीटीव्ही बसवले, त्याची आठवण मला कोणी करून देऊ नये, तो आकडा अजून माझ्या मेंटेनन्समध्ये आहे.

नोव्हेंबरअखेर बॉयकॉट कुटुंब तिथून निघालं. गाडी हाकायला माणूस मिळेना, म्हणून लष्कराच्या रुग्णवाहिकेतून बाहेर काढावं लागलं. डब्लिनला हॉटेलात उतरले तर हॉटेलवाल्यालाच धमकीचं पत्र. शेवटी इंग्लंड गाठलं. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी हा गडी परत त्याच घरात राहायला आला, लोकांचा राग हळूहळू थंडावला, आणि नंतर काही वर्षं राहिलाही. १८९७ ला वारला. पण तोवर त्याचं आडनाव त्याच्या हातातून केव्हाच सुटलं होतं.

ते कसं सुटलं तो प्रसंग मला फार आवडतो. रेडपाथ नावाचा एक अमेरिकन बातमीदार तिथल्या फादर ओमॅली या पाद्र्याकडे जेवायला बसला होता आणि जेवत नव्हता. फादरनी विचारलं काय झालं, तर म्हणे एका शब्दाला अडलोय. लोक हे जे करतायत त्याला म्हणायचं काय? इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइज' आहे, पण तो या शेतकऱ्यांना कुठून कळणार? फादरनी कपाळावर बोटं वाजवत थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग 'टु बॉयकॉट' म्हटलं तर?" झालं. पुढे फ्रेंचांनी घेतला, जर्मनांनी घेतला, जपान्यांनीसुद्धा 'बोइकोत्तो' म्हणून घेतला. लुई पाश्चरने जन्मभर प्रयोगशाळेत मान मोडली तेव्हा कुठे त्याचं नाव रोज सकाळी दुधाच्या पिशवीवर येतं. बॉयकॉटने दोन-अडीच महिने लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि थेट डिक्शनरीत. आणि तोही कसा, तर बहिष्कार टाकणारा म्हणून नाही, ज्याच्यावर टाकला तो म्हणून! म्हणजे काटेकोर बघायला गेलं तर आमच्या सोसायटीत बॉयकॉट मी आहे. ते सगळे फक्त गावकरी.

आता तो जो पाद्र्याने बाजूला टाकलेला शब्द, ऑस्ट्रसाइज, तो मूळ ग्रीक. अथेन्समध्ये ज्याला शहराबाहेर घालवायचं त्याचं नाव मडक्याच्या खापरीवर कोरून द्यायचे, ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त तो दहा वर्षं हद्दपार. प्लुटार्क नावाच्या जुन्या ग्रीक चरित्रकाराने गोष्ट सांगितलीय की अशाच एका मतदानाच्या दिवशी एक अडाणी माणूस अ‍ॅरिस्टायडीसकडे आला. हा अ‍ॅरिस्टायडीस मोठा न्यायी म्हणून प्रसिद्ध, पण समोरच्याने त्याला ओळखलं नाही. खापरी पुढे केली आणि म्हणाला, मला लिहिता येत नाही, यावर जरा अ‍ॅरिस्टायडीसचं नाव लिहून द्या. याने विचारलं, त्याने तुझं काय वाईट केलं? तर म्हणे काही नाही, मी त्याला ओळखतही नाही, पण जिथे जावं तिथे 'न्यायी, न्यायी' ऐकून वैताग आलाय. अ‍ॅरिस्टायडीसने काही न बोलता स्वतःचं नाव लिहून दिलं. हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं, एवढा मोठा माणूस आपल्या पंगतीला. पण अ‍ॅरिस्टायडीसला समोरच्याने ओळखलं नव्हतं. माझ्या बाजूचे गृहस्थ मला चांगली अकरा वर्षं ओळखतात, दिवाळीला फराळाचं ताट देतात आणि आमचा डबा परत करत नाहीत.

एवढं सगळं मी वॉचमनला सांगितलं नाही अर्थात. त्याला कोंबड्या, शेण आणि रुग्णवाहिका एवढं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, जरा वेळ विचार केला आणि म्हणाला, "म्हंजे गरिबांनी मोठ्या मानसाला वाळीत टाकलं."

"हो."

"आमच्याकडं उलटं असतंय."

आणि गाडी आली म्हणून गेट उघडायला गेला. काका पेपरात बघत होते, पण पान उलटत नव्हते.

तेव्हापासून हे 'उलटं' डोक्यातून जात नाहीये. कारण खरंच, वाळीत टाकणं ही काही आपल्याला इंग्रजीतून शिकायची गोष्ट नव्हती. गिरणीत दळण नाही, विहिरीवर पाणी नाही, मयताला खांदा नाही, पोरीला सोयरीक नाही, हे सगळं आपल्याकडे कॅप्टनच्या आजोबांच्या आधीपासून. आणि ते वरून खाली यायचं. शिकल्यासवरलेल्यांनाही सोडलं नाही. पुण्यात १८९० साली पंचहौद या ख्रिश्चन मिशनमध्ये मोठमोठी मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली, काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशींनी सगळ्यांची नावं पेपरात छापून टाकली आणि असं रण माजलं की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्यात रानडे होते, टिळक होते, प्रायश्चित्तावरून वर्षानुवर्षं वाद चालला. एका कपासाठी! त्याच टिळकांनी पुढे १९०५ नंतर स्वदेशीबरोबर बहिष्कार हा शब्द विलायती मालाविरुद्ध उभा केला, तेव्हा त्याचं तोंड वरच्या दिशेला वळलं. आणि ज्यांच्यावर तो पिढ्यान् पिढ्या खाली टाकला गेला होता त्यांच्यासाठी आंबेडकरांनी आपल्या सभेच्या आणि पाक्षिकाच्या नावातच 'बहिष्कृत' लिहिलं. आणि तरीही महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, कारण जातपंचायती माणसांना वाळीत टाकायच्या थांबतच नव्हत्या. आमच्या इथल्या एका वकील मित्राने मला सुचवलं की तू या कायद्याखाली जा. मी म्हटलं गप रे. कोथिंबिरीसाठी मी तिथे जाऊन उभा राहिलो तर ज्यांना खरंच पाण्याला महाग केलंय त्यांची चेष्टा होईल.

पण राग आहेच, का नसावा? मेयोतल्या मजुरांनी काम सोडलं तेव्हा सुगीचे दिवस होते, त्या दिवसांतली मजुरी त्यांनी घालवली. काहींनी स्वेच्छेने, काहींनी दमदाटीमुळे, पण घालवली. आमच्या लोकांनी काय घालवलं? ज्या रात्री बॉयकॉटचा मेसेज पडला त्या रात्री अ‍ॅपवरून चार घरी भाजी आली, डिलिव्हरी चार्ज भरून, आणि त्यात कढीपत्ता पंधरा रुपयांचा होता, प्लास्टिकच्या डबीत! त्याला कोणी बॉयकॉट करत नाही. अ‍ॅपला कोण म्हणणार की वर चार मिरच्या टाक? जो समोर उभा आहे, नाव-गाव माहीत आहे, उन्हात गाडी ढकलत येतो, त्याच्याशी पाच रुपयांवरून असहकार. लॉर्ड अर्न हे, आणि बॉयकॉट केला कुळाला!

भाजीवाल्याला मी परवा विचारलं, बाबा रे धंद्याचं काय? तो हसला. म्हणाला, गाडी आता कोपऱ्यावर शाळेच्या भिंतीआड लावतो. तुमच्या सोसायटीचं कोणी सकाळी सहाला येतं, कोणी रात्री दहाला, कोणी मोलकरणीला पाठवतं. आणि साहेब, लपून आलेलं गिऱ्हाईक भाव करत नाही.

घरी येताना गेटवर काका होतेच. मी न बघता पुढे गेलो, आता मलाही जमायला लागलंय. मागून वॉचमन धावत आला.

"साहेब, काकांनी निरोप दिलाय. रयवारी टेरेसवर आपल्या सोसायटीची बॉक्स क्रिकेट हाय, अंपायर कमी पडतोय. काका म्हणत्यात, बोलायची काय गरज न्हाई, नुसतं बोट वर करायचं."